उद्याची तारीख

सकाळी आम्ही घरचे सगळे सोयाबीन खुरपायला गेलो तर बांध जाग्यावर नव्हता. साहेबरावकाकांनी ट्रॅक्टर घालून आमची सोयाबीनची दोन तासं, म्हणजे दोन ओळी, आपल्या रानात ओढली होती, आणि ओल्या काळ्या ढेकळांवर ते फावड्याला रेलून उभे होते.

काका म्हणजे माझ्या वारलेल्या सासऱ्यांचे सख्खे धाकटे भाऊ. एरवी मीच तोंड सोडलं असतं. पण त्या आठवड्यात ती सोय नव्हती. माझी नणंद लुंबिनी बी.फार्मसीला लागणार होती. नांदेडच्या कॉलेजानं मागितलेला एकेक कागद मीच गोळा केला. बारावीचा मेमो म्हणजे गुणपत्रक, टी.सी., जातीचं प्रमाणपत्र. अडलं ते जातपडताळणीपाशी. आमच्या भावकीत पडताळणी झालेले एकटे काका, राखीव जागेवरून ग्रामपंचायतीला उभे राहिले तेव्हाची. 'ही माझी सख्खी पुतणी' असं त्यांनी शपथपत्र दिलं तरच पोरीचा अर्ज पुढं सरकणार. शेवटची तारीख उद्या.

"काका, सही कवा करता?" लुंबिनीनं विचारलं.

"बांधाचं मुकाट कबूल करा. मंग करतो."

"बापाची जमीन हाय ती," धम्मानंद म्हणाला. माझा नवरा, बोलायच्या आधी हात उचलणारा.

"तुझा बाप माझ्या तुकड्यावर जगला, भाड्या."

धम्मानंदनं त्यांची गचांडी धरली. काकांनी फावडं उगारलं. लुंबिनी मधी शिरली आणि दांडा तिच्याच कपाळावर बसला. ती चिखलात गुडघ्यावर बसली, डोळ्यांत रक्त. मग धम्मानंद काकांच्या छातीवर चढला आणि त्यांचा एक दात पडेपर्यंत तोंडावर गुद्दे घालत राहिला. माझ्या कडेवरची आमची तान्ही पोर किंचाळत होती. तिचं तोंड मी छातीत दाबलं. माझे डोळे मात्र मिटले नाहीत.

भोकरच्या दवाखान्यात लुंबिनीला सात टाके पडले. जमादाराला द्यायची फिर्याद मीच लिहिली. लुंबिनी पडून होती, आणि घरात दुसरी शिकलेली मीच. लुंबिनीची सही तेवढी राहिली होती, तर काका वॉर्डाच्या दारात येऊन उभे. ओठ वांग्यासारखा सुजलेला.

"पोरी, केस झाली तर माझी मेंबरकी जाईल."

"जाऊ दे की," धम्मानंद म्हणाला. "जेलात बांध कोरीत बस."

"भाऊ, गप," लुंबिनी उठून बसली. "ह्यो आत गेल्यावर सही तू करतूस का? तुझी झाली का पडताळणी?"

मग ती काकांकडं वळली.

"काका, तहसीलला चला. सही झाली की ही फिर्याद तुमच्या समोर फाडते."

"आन बांध?"

"आत्ता फक्त सहीचं बोला."

तहसीलपाशी टंकलेखकानं शपथपत्र मोठ्यानं वाचलं, 'कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीनं लिहून देतो.' काकांनी तोंडातलं रक्त गिळलं आणि सही केली. लुंबिनीनं फिर्यादीचे चार तुकडे केले. दुसऱ्या दिवशी अर्ज गेला.

जातपडताळणी समितीचा कागद अजून यायचाय. तोवर काकांनी आणखी दोन तासं खाल्ली. काका शपथपत्र मागं घेतील, म्हणून आम्ही तेही खपवून घेतलं.

धम्मानंद रोज सकाळी अंगणात कुऱ्हाडीला धार लावून राहिलाय. अंगठ्यानं पातं चाचपत तो विचारतो, "किती दिवस लागत्यात गं त्या समितीला?"

"येऊ दे की कागद आधी," लुंबिनी त्याला चहा देते.

मी पोरीला उचलून घरात नेते आणि कडी लावून घेते.