पलीकडच्या गल्लीचं पाणी

"हा व्हॉल्व्ह बंद करायचा," नवे साहेब म्हणाले. "कायमचा."

चावीवाले काका लोखंडी चावी खांद्याला टेकवून उभे राहिले. एकतीस वर्षं ते या गावाला पाणी सोडत होते. तेवढ्या काळात तीन सरकारं झाली. प्रत्येकानं पंपघराला आपला रंग दिला, पाटी बदलली. चावी तीच राहिली. राज्य कुणाचंही असो, सकाळी लोकांना पाणी लागतंच, एवढाच काकांचा राजकारणाचा अभ्यास. यावेळी मात्र युद्ध संपलं आणि लांब कुठेतरी बसलेल्या माणसांनी सरहद्द थेट बाजाररस्त्यावरून नेली. टाकी अलीकडे राहिली आणि चाळीस घरं पलीकडे गेली. त्यातलं तिसरं घर काकांच्या लेकीचं.

"साहेब, पलीकडे माझी मुलगी राहते."

"पलीकडे आता दुसरा देश आहे, काका."

"परवापर्यंत तर गल्ली होती."

साहेबांनी कपाळ चोळलं. "माझं आख्खं गाव गेलंय तिकडे. मी कुणाला सांगू?"

काकांनी चावी खांद्यावरून खाली घेतली. "बरं, बारापर्यंत तरी चालू ठेवतो. भरून घेऊ दे त्यांना."

"मी बाराला येतो," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

काकांनी व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि रस्त्यातल्या तारेच्या कुंपणापाशी गेले. लेक समोरच ओट्यावर उभी होती.

"असेल नसेल ते भांडं भरून ठेव गं."

"किती दिवसांचं भरू, बाबा?"

पाण्याच्या वेळेबाबत काका आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. त्यापायी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, पण शब्द खरा ठेवला.

"चार दिवसांचं," ते म्हणाले. "मग येईल."

"नक्की ना?"

"मी आहे ना सोडायला."

ती आत पळाली. बादल्या भरल्या, पिंप भरलं, पातेली भरली, शेवटी पोराला अंघोळ घालायचा टबसुद्धा तिनं अंगणातल्या नळाखाली ओढला. काका कुंपणाच्या अलीकडून बघत राहिले.

बाराला त्यांनी चावी लावली. चौदा फेरे. लोक एखाद्या गोष्टीवर पाणी सोडलं म्हणतात, त्याचं त्यांना नेहमी हसू यायचं. पाणी सोडणं म्हणजे आपली नोकरी, त्यात रडण्यासारखं काय? आज तेराव्या फेऱ्याला हात थांबला. साहेब शेजारी उभे होते, पण घाई करा असं म्हणाले नाहीत.

संध्याकाळी अलीकडचं पाणी सोडून काका घरी आले. बायको जिन्यातच भेटली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा खुलला होता.

"अहो, वरच्या मजल्यावर पाणी चढलंय. धो धो येतंय. अठरा वर्षांत पहिल्यांदा. असं कसं हो झालं?"

काकांनी चपला काढून भिंतीशी नीट लावल्या.

"पलीकडचं बंद केलं," ते म्हणाले.

ती माघारी वळली. मग वर गेली आणि अर्धी भरलेली बादली तशीच ठेवून तिनं नळ बंद केला.