देवी सोमवारीच का यायची?

शिवाजीनगरच्या त्या गल्लीत सोमवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसायची. हातात नारळ घेतलेली माणसं नागराजच्या वेल्डिंगच्या दुकानाकडे डोळे लावून उभी असायची. गल्लीत येऊन बसलेल्या एका स्वामींनी बंद शटरवर थाप मारली की नागराज बाहेर यायचा. अंग तापलेलं, डोळे लाल, दात वाजताहेत.

"आली, देवी आली!" म्हणत लोक त्याच्या पायांवर पडायचे. त्याची बायको शिवलीला घोंगडी घेऊन कोपऱ्यात उभी असायची. तिला देवी कुठं दिसत नव्हती, नवऱ्याची थरथर तेवढी दिसत होती.

"भक्तहो!" स्वामींनी हात वर केला. "याच्या तोंडाला आता गोड लागेल. काय नागराज?"

"लागतंय की, स्वामी."

"बघा! देवीनं जिभेवर गूळ ठेवला. रात्रभर हुडहुडी, पहाटे घाम, आणि ताप जराही उरणार नाही. सरी?"

"सरी, सरी! बरोबर!" गर्दी ओरडली. आणि व्हायचंही तस्संच. आता बोला!

दुकानात जस्त चढवलेल्या पाइपांच्या रेलिंगचं काम आलं तेव्हापासून हे सुरू झालं होतं. अशा पाइपांचा पांढरा धूर बाधू नये म्हणून वेल्डर लोक आधी गूळ घालून दूध पितात. स्वामींनी त्याच दुधावर मंत्र टाकला आणि वर हुकूम सोडला, की काम शटर लावूनच करायचं, देवी उघड्यावर येत नाही.

पण हल्ली नागराजला जिना चढताना धाप लागत होती. त्यात स्वामींनी नवं फर्मान काढलं: पुढच्या सोमवारी जस्त चढवलेल्या मोठ्या टाकीत बसून वेल्डिंग करायचं, म्हणजे देवी कायमची वस्तीला येईल.

"अहो, नका ना जाऊ त्या टाकीत," शिवलीला रडकुंडीला आली.

"शिवा, आजवर जो तो मला 'ए वेल्डर' म्हणायचा गं. आता पाया पडतात." तो खोकत खोकत हसला. तिला त्याची कीव आली आणि रागही आला.

दुसऱ्या दिवशी तिनं चौकातल्या डॉक्टर संयोगिताबाईंचा दवाखाना गाठला.

"हा धुराचा ताप आहे," बाई म्हणाल्या. "जस्त जळलं की त्याचा धूर छातीत जातो. काही तासांनी तोंडाला गोडसर चव येते, थंडी भरते, आणि बहुतेकदा एक-दोन दिवसांत ताप आपोआप उतरतो. रोज धूर घेतला की शरीराला थोडी सवय होते. रविवारी सुट्टी पडली की सवय मोडते, मग सोमवारी ताप."

"आणि दूध?"

"दूध पोटात जातं, अक्का. धूर छातीत जातो. बंद टाकीत तो इतका साठेल की जीवावर बेतेल."

"मग स्वामींना सगळं आधीच कसं कळतं?"

"ज्याला हा ताप स्वतःला येऊन गेलाय, त्याला कळतं."

ते वाक्य शिवलीलाच्या डोक्यातून जाईना. सोमवारी टाकीपाशी गर्दी जमली. स्वामींनी आशीर्वादाला हात उचलला, कफनीची बाही घसरली, आणि ती बघतच राहिली. कोपरापासून खाली बारीक पांढरे डाग. नागराजच्या हातावर वेल्डिंगच्या ठिणग्यांनी पडलेल्या असल्याच डागांना ती वर्षानुवर्षं मलम लावत आली होती.

"स्वामी, हे डाग कसले?"

"होमाच्या ठिणग्या, अक्का."

"मग मनगटावर रेघ मारल्यासारखे थांबले कसे? पंजावर एकही नाही. होमाला काय हातमोजे घालून बसता?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. स्वामींनी घाईघाईनं बाही ओढली. नागराज पुढं आला, त्यानं तो हात धरला, बाही पुन्हा वर सारली आणि शेजारी आपला डागाळलेला हात ठेवला.

"तुम्हीपण वेल्डर होता," तो हळूच म्हणाला. "तुम्हाला ठाऊक होतं. तरी मला टाकीत घालत होता?"

स्वामींनी हात सोडवून घेतला. ते गर्दीतून वाट काढत निघाले ते परत फिरकले नाहीत.

त्या दिवशी शटर पूर्ण वर गेलं. जोडाच्या जागचं जस्त घासून काढलं, पंखा धूर बाहेर फेकेल असा लावला, डॉक्टरबाईंनी सांगितलेला धुराचा मास्क नागराजनं चढवला. संध्याकाळी शिवलीलानं त्याच्या कपाळाला हात लावला. गार होतं. तिला रडूच फुटलं.

लोक मात्र हिरमुसले. "देवी रागावली वाटतं," नारळ घेऊन आलेली एक बाई पुटपुटली.

शिवलीला तिच्याकडं वळली. "मावशी, देवी यायचीच असेल तर उघड्या दारातनंही येईल की. शटर पाडून ठेवायला लागतं ते धुराला आणि लबाडाला. तुमच्या घरी कुणी वेल्डिंग करत असेल, तर नारळ राहू द्या. आधी जाऊन त्याचं शटर उघडा."

मागच्या गल्लीत त्या बाईच्या पोराचंही वेल्डिंगचं दुकान होतं. ती नारळ तिथंच ठेवून भराभर तिकडं चालू लागली.