वरच्या कप्प्यातला माझा भाऊ

मी चिंचवडच्या एका तपासणी प्रयोगशाळेतला जुना मेणाचा ठोकळा आहे. काडेपेटीहून लहान. पण मित्रांनो, माझ्या पोटात जास्मिनच्या मानेतल्या गाठीचा तुकडा आहे, म्हणून माझं ऐका.

जास्मिन दोन वर्षांची. तिची आई रुक्साना चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला. पोरीच्या डोक्यावर आधी खपल्या धरल्या. कातडीचा कण काढून मेणात बसवला, तो माझा भाऊ. 'साधा इसब' असा शेरा मारून त्याला वरच्या कप्प्यात ठेवलं. महिन्याने मान सुजली आणि माझा जन्म झाला.

काउंटरवर रुक्साना म्हणाली, "दादा, हिच्या डोक्याचं कातडं बी इथंच दिलं होतं. ते पण बघतील ना डॉक्टर?"

"ताई, ते स्किनचं, हे गाठीचं," काउंटरवर नमुने घेणारा धनेश म्हणाला. "या फॉर्मवर गाठीचंच लिहितात."

धनेश वाईट नव्हता. मागे रांग होती. त्याने लिहिलं नाही.

माझे पातळ काप काढले, रंगवले, घाईघाईत पाहिले. क्षय ठरला. मानेला गाठ म्हटली की आपल्याकडे आधी क्षयच आठवतो! जास्मिनने सहा महिने गोळ्या गिळल्या. मी खालच्या कप्प्यात, भाऊ वरच्या. मध्ये फक्त एक पत्रा होता.

पोर वाळत चालली, तेव्हा नव्या डॉक्टर विजयश्रींनी रुक्सानाला पहिल्यापासून सगळं विचारलं आणि आम्हा दोघांना बाहेर काढलं. आपल्या कातडीत फांद्या फुटलेल्या राखणदार पेशी असतात. धोका दिसला की त्या मानेतल्या, काखेतल्या रोगाशी लढणाऱ्या गाठींपर्यंत जाऊन वर्दी देतात. जास्मिनच्या अंगात तसल्याच पेशी बेसुमार माजल्या होत्या. गव्हाच्या दाण्यासारखी मधोमध घडी पडलेल्या. खास रंग दिल्यावर त्या आम्हा दोघांतही तपकिरी उमटल्या. मला फार आनंद झाला. वेडाच मी.

धनेशने लगेच फोन लावला. "ताई, रोग सापडला! औषध आहे यावर."

"दादा," रुक्साना म्हणाली, "परवाच माती दिली तिला."

आठवड्याने ती आली. "तिचं जे काय हाय तुमच्याकडं, ते द्या. तिच्याजवळ ठेवायचंय."

धनेशने सही घेतली. त्याला तिच्याकडे बघवेना. आता आम्ही दोघे भाऊ एकाच पाकिटात आहोत. उद्या जास्मिनचे अब्बा आम्हाला कब्रस्तानात नेतील.

मित्रांनो, मोठेपणी तुम्हीही एखाद्या काउंटरवर बसाल. कुणाची आई फॉर्मबाहेरचं काही सांगू लागेल. मागची रांग थांबू द्या. तिचं म्हणणं लिहून घ्या.