बापाच्या मरणाचं इंग्रजी पान

इंग्रजीनं मले तीनदा नापास केलं. बाकी सारे विषय सुटले, हे एकच मानगुटीवर बसलेलं. नर्सिंगच्या ट्रेनिंगले मॅट्रिक पास लागे, अन् एकोणऐंशीच्या मार्चनंतर माहं वय त्यात बसत नव्हतं. म्हणजे हा शेवटचा चान्स.

बापानं मले नालवाडीच्या बंडूजी मास्तरांकडं नेऊन बसवलं. रिटायर माणूस, जीभ तिखट. त्यायचा नेम एकच. रोज एक पान इंग्रजीत लिवायचं, काल घरी जे झालं ते. ते लाल शाईनं तपासत, अन् तेच पान पुन्हा लिवाले लावत. एकही चूक राह्यली नाई, तरच पुढचं पान. "पोट्टी, सारवायचं तं नीट सारव, नाई तं शेणात हात घालू नोको," म्हणत. म्हैस व्याली ते पान मी पाच खेपा लिवलं. म्हशीले एवढा तरास झाला नसन.

जानेवारीत बाप गेला. सकाळी चहा पेऊन राह्यला होता. कप खाली ठेवला अन् भिंतीले टेकला, बस. तेरवी झाल्यावर मी पवनारहून बस धरली अन् नालवाडीले गेली. वहीत तेच लिवलं होतं. दुसरं झालंच काय होतं घरी?

बंडूजींनी चष्मा पुसला अन् एकोणीस चुका काढल्या. "पुन्हा लिव," म्हणे. मले असा राग आला, का वही त्यायच्या तोंडावर फेकावी! पहिल्या खेपेले कागद ओला झाला. दुसऱ्या खेपेले हात मधातच थांबे. पाचव्या खेपेले मी फक्त चुका पाहून राह्यली होती. सातवं पान साफ निघालं. बंडूजी म्हणे, "शाबास." मले ना राग आला, ना रडू.

मार्चात परीक्षेले बसली. इंग्रजीच्या पेपरात पत्र लिवाले आलं, मामाले घरची बातमी कळवा. हातानं आपोआप तेच पान उतरवलं. लिवून झालं, अन् त्याच हातानं पानाचा कोपरा फाडला. मयताचं कार्ड आपल्याकडं असंच जाते, कोपरा फाडून. घेणाऱ्याले हातात पडताच समजते. बापाच्या वेळी मीच वीस कार्डं धाडली होती.

सुपरवायझर शोभाबाई धावतच आल्या. "पेपरावर खूण करते? तपासणाऱ्याले ओळख देते का?" मले उठवलं अन् हेडसरांपुढं नेऊन उभं केलं. खूण केलेला पेपर म्हणजे रद्द. अवं माय! तीनदा नापास झाली, आता वरून चोरबी ठरते का काय!

मी कोपऱ्याचं सांगतलं. हेडसर आमच्याच भागातले, त्यायले समजलं. त्यायनं पत्र दोनदा वाचलं. मग म्हणे, "कोपऱ्याचं ठीक हाय. पण एवढं साफ इंग्रजी? एक खाडाखोड नाई. बाप खरंच मेला, का पाठ करून आली?"

ते माह्या डोळ्याकडं पाहून राह्यले होते. तिथं पाणी असतं तं बरं झालं असतं. मी जोर लावून पाह्यला, नाई आलं.

"खरं हाय सर," मी म्हटलं. "अन् पाठबी हाय."

त्यायनं खिशातला पेन काढला. मग फाटल्या जागेजवळ सही केली, शिक्का मारला, अन् पेपर गठ्ठ्यात जाऊ देला.

जूनमध्ये रिझल्ट लागला. इंग्रजीत एकसष्ट. घरी मायनं माह्या हातावर साखर ठेवली. "ते असते तं सारं पवनार घुमून सांगतलं असतं त्यायनं," म्हणे, अन् पदर तोंडाले लावून मोठ्यानं रडाले लागली. मी साखर खाऊन टाकली. मले मायचा लय हेवा वाटला.