दोघांत एक गोळी

अठ्ठ्याण्णव साली लासुर्ण्याच्या आमच्या भजनी मंडळानं सप्त्याची पंगत रद्द केली आणि ते पैसे आमच्या पखवाजवाल्या रामहरीच्या एड्सच्या औषधाला दिले. त्यात एकाच माणसाच्या, चार महिन्यांच्या गोळ्या आल्या. त्याच्या बायकोला, रंगूबाईला, तोच आजार होता. पण तिच्यापुरतं काही जमलं नाही.

तीन महिन्यांनी मी दोघांना बारामतीला डॉक्टरांकडं नेलं. रामहरी आणखीच वाळला होता.

"गोळ्या वेळेवर घेता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय तर! दोघंबी घेतो. अडकित्त्यानं मधोमध कापतो."

"कसलं मधोमध!" रंगूबाई हसली. "मोठा तुकडा मलाच देत्यात. म्हनत्यात, परसाद एकट्यानं खाऊ न्हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो, अर्ध्या गोळीनं हा विषाणू दबत नाही, उलट औषधाला सरावतो. आता उरलेल्या गोळ्या एकानंच पुऱ्या घेतल्या, तर कदाचित उपयोग होईल. तोही कदाचितच."

आम्ही आयुष्यभर कीर्तनात बसून हेच तर ऐकलं होतं, की घास वाटून खावा. पांडुरंगा, यात त्याचं चुकलं तरी काय?

"एकानं म्हंजी कुनी, डाक्टरसायेब?" रंगूबाईनं विचारलं.

रामहरीनं खिशातली पुडी काढून तिच्या ओटीत टाकली. तिनं ती उचलून पुन्हा त्याच्या खिशात कोंबली आणि खिसा मुठीत गच्च धरून ठेवला.