धोंडिरामचा मग

मित्रांनो, मी पत्र्याचा मग आहे; पांढरा मुलामा चढवलेला, निळ्या काठाचा. कारखान्यातून मी थेट लष्करात गेलो आणि साताऱ्याकडच्या धोंडिराम नावाच्या शिपायाच्या वाट्याला आलो. मालवणकडचा धाकू त्याचा जिवलग. दोघं माझ्यातूनच चहा प्यायचे.

दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडलं आणि दोघं जपानी सैन्याचे कैदी झाले. जहाजात कोंबून त्यांना एका दूरच्या बेटावर नेलं. तिथे उपाशीपोटी धावपट्टी खणायची, हात थांबला की काठीचा मार. आजारी कैद्यांचं अन्नपाणी तोडलं होतं. धोंडिरामनं त्यांना माझ्यातून पाणी पाजलं. पहारेकऱ्यानं ते पाहिलं. सगळ्यांना रांगेत उभं करून त्यानं धोंडिरामला संगिनीनं भोसकलं.

युद्ध संपल्यावर धाकू मला घेऊन परतला. धोंडिरामच्या बायकोला मात्र तो म्हणाला, "तापानं गेला, वहिनी." मला पाहून ती आणखी विचारील, म्हणून त्यानं मला तिच्याकडे दिलंच नाही. खरं काय ते त्यानं फक्त आपल्या लेकीला, मालनला सांगितलं.

मालन आता ऐंशीच्या घरात आहे. मुंबईत चारकोपला राहते. हल्ली तिला विसर पडतो. इमारत पाडणार म्हणून तिचा मुलगा राजेश सामान आवरत होता. त्यानं मला भंगाराच्या गोणीत टाकलं. मालन विसरली, तर हे सांगणार कोण?

त्याच दुपारी धोंडिरामची पणती संघमित्रा, धाकूच्या लेकीकडून पणजोबांबद्दल काही कळेल म्हणून, वाकोल्याहून आली.

"ये गं. घराची वाट लागलीय, बघू नको," राजेश म्हणाला.

संघमित्रा मालनजवळ बसली. "आजी, पणजोबा कसे गेले?"

"तापान," मालन म्हणाली. मी गोणीत थिजलो.

"त्यांची एखादी वस्तू आहे का?"

मालन मुलाकडे वळली. "राजेश, तो पत्र्याचो मग खंय आसा?"

राजेशनं गोणी उपसली. मालननं मला हातात घेतलं. माझ्या निळ्या काठावरून बोट फिरवलं.

"तापान नाय गो. आजारी माणसांक पाणी दिल्यान, म्हणान जपान्यान संगिनीन मारल्यान. माझे बाबा रांगेत उभे होते. त्यांचो पाय हललो नाय."

"आई, मला कधी बोलली नाहीस!"

"तू कधी इचारलंस?"

संघमित्रानं डोळे पुसले आणि मला ओढणीत गुंडाळलं. निघताना ती पाया पडली. मालननं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रेमानं विचारलं, "तू कोणाची गो?"

मित्रांनो, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जे विचारायचं असेल, ते आजच विचारा.