ओंडका कुठून आणलास

तोडण्याआधी झाडाला द्यायची म्हणून मामाने चिमूटभर तंबाखू बुंध्याशी ठेवली आणि कुऱ्हाडीने सालीला खाच मारली. मे महिन्यात काळ्या अ‍ॅशच्या झाडाची साल सहज सुटते. तशी ती सुटली, आणि खालच्या लाकडावर नागमोडी वाटा दिसल्या.

"पोखरकिडा," मी म्हणाले. आमच्या जमातीच्या वनखात्यात मी ही कीड शोधायचंच काम करते. पण कीड लागलेलं सर्वांत जवळचं रान नदीच्या पार खालच्या अंगाला होतं. तेवढं अंतर हा भुंगा आपण होऊन इतक्या लवकर कापत नाही.

मामाने वाकून तंबाखू उचलली आणि खिशात टाकली. असं कुणी करत नाही.

डेल्फीनमावशी, त्याची थोरली बहीण, पालथ्या बादलीवर बसली होती. टोपल्यांजोगी झाडं आता तिच्या घरामागच्या या दलदलीतच उरली होती. "काय रे ऑल्डन, दिलेलं परत घेतोस? तंबाखू महागली वाटतं!"

"ताई, तुझ्या लीनाच्या लग्नातल्या टोपल्यांचा तो ओंडका..."

"वरच्या पाणथळातला?"

"खालचा होता. लाकूड बाहेर न्यायला बंदी आहे त्या भागातला. तुला वरचा म्हणून सांगितलं."

मावशीचं हसू विरलं. "पण ओढ्यात बुडवला होतास ना?"

आमच्याकडे टोपल्यांच्या पट्ट्या काढायला ओंडका कुटेपर्यंत तो पाण्यातच ठेवतात. लाकूड ओलं राहतं, आणि आत काही असेल तर ते गुदमरून मरतं.

"ओढा गोठला होता. तुझ्या शेडमागे टाकला. अर्धा कुटला, अर्धा उन्हाळाभर तिथेच राहिला. सालीसकट."

त्याच उन्हाळ्यात याच मामाने माझ्या भावाला जत्रेत चारचौघांत झापलं होतं, बाहेरचं जळण गाडीत घालून आणलं, त्यातून कीड येते म्हणून. भाऊ मान खाली घालून उभा होता. आता मामाचे कान तसेच लाल झाले होते.

"किडा सालीखालीच खातो," मी म्हणाले. "आतलं लाकूड शाबूत असतं."

माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

"मग पाड," मावशी म्हणाली. "आणि कूट."

झाड पाडून मामा दुपारभर कुऱ्हाडीच्या पाठीने त्याचा ओंडका कुटत राहिला. एकेका वर्षाचा थर लांब पट्टी होऊन सुटत होता. मावशीने प्रत्येक पट्टीवरून अंगठा फिरवला. नाव ठेवायला कुठे जागा नव्हती.

टोपली कुणाच्याही हातात देताना मावशी आधी म्हणते, "लाकूड माझ्या भावाने कुटलंय." स्वतःचं नाव नंतर. मामा तेव्हा मागे उभा असतो, भलतीकडेच बघत, पण ते ऐकायला आलेला.

"ताई," पट्ट्या गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "या टोपल्या देताना..."

"म्हणेन, झाड माझ्या दारचं होतं."

"एवढंच?"

"एवढंच."

त्याने मान हलवली. मग खिशातली तंबाखू काढून तिच्यापुढे धरली. "तू ठेव बुंध्याशी. माझ्या हाताने नको."

"उचललीस तू," मावशी म्हणाली. "तूच ठेव."

तो खुंटाशी गेला आणि ओणवा झाला. मावशी भलतीकडे बघत राहिली.